तोमेचं वय

परवा 'मीठघर' कादंबरीवर आणखी एक मालिका आली. माझ्या मुलीनं ब्रेडा या डच शहरातल्या आमच्या घरात, सोफ्यावर पाय पसरून पहिला भाग लावला आणि मला हाक मारली, "आई, तुझी तोमे आली." मी भिजवलेली कणीक तशीच टाकून बाहेर आले, पाच मिनिटं पाहिलं आणि परत स्वयंपाकघरात गेले. तोमे चोवीस वर्षांची होती. कपाळावर मुद्दाम सोडलेली बट, हातात कंदील आणि मागे मागे फिरणारा एक देखणा पत्रकार. मी पोळपाट इतका आपटत होते की मुलगी आत येऊन म्हणाली, "इट्स जस्ट अ शो, आई." असेल. पण तोमे त्रेपन्न वर्षांची आहे. कादंबरीच्या पहिल्याच पानावर तसं लिहिलंय, तिचे गुडघे दुखतात असंही लिहिलंय आणि ही गोष्ट मी तोंडात दात असेपर्यंत, आणि ते पडल्यावर बोळक्यानं, सांगत राहणार आहे. मी आता स्वतःच हळूहळू त्या वयाकडे सरकते आहे, त्यामुळे माझा आवाज पूर्वीपेक्षा जास्तच चढतो.

ज्यांनी 'मीठघर' वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रहस्य फुटेल, त्याला माझा इलाज नाही. जपानच्या उत्तरेकडचं एक बेट आहे. तिथे पूर्वी मीठ पिकवायचे, आता त्या जागी एक जुनी सराई आहे. फार वर्षांपूर्वीच्या एका वादळात, किनाऱ्यावरचा दिवा विझला म्हणून, गावातले कोळी बुडाले. दर हिवाळ्यात ते संध्याकाळी सराईत येतात, शेगडीभोवती बसतात आणि जाताना लाकडी जमिनीवर ओली पावलं ठेवून जातात. ती वाळली की तिथे मीठ उरतं. कुणी घाबरत नाही, गावाला सवय झालेली आहे. तोमे ही सराईची स्वयंपाकीण. तिचा नवराही त्याच रात्री गेलेला. तोही येतो, ती त्याला भात वाढते. एका संध्याकाळी जमीन पुसता पुसता तिच्या लक्षात येतं की नवऱ्याच्या पायाखालची जमीन कोरडी आहे. म्हणजे तो समुद्रात गेलाच नाही. त्याला जमिनीवरच कुणीतरी मारलं. मग ती शोध घेते, आणि तोसुद्धा कसा, तर त्या रात्री कोण जेवायला उशिरा आलं, कुणाच्या ताटात माशाचे काटे नव्हते, कुणी दुसऱ्यांदा भात घेतला नाही हे आठवून आठवून, कारण त्या रात्रीचा स्वयंपाक तिनंच केलेला असतो. दिवा कुणी मुद्दाम विझवला आणि ते पाहणाऱ्या माणसाला कुणी संपवलं, हे ती अशी ताटांवरून शोधते. पोलीस नाहीत, मंत्रतंत्र नाहीत. एक विधवा, तिचे दुखरे गुडघे आणि तिची स्मरणशक्ती, एवढंच भांडवल.

हे पुस्तक आमच्या घरात आलं ते आईच्या डच परीक्षेमुळे. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि आम्ही हूफडॉर्पला राहत होतो. स्किपोल विमानतळावर उतरणारी विमानं घरावरून इतकी खाली जायची की आई बोलता बोलता थांबायची, विमान जाऊ द्यायची आणि त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची. आजही ती फोनवर मध्येच थांबते, आणि आता तर ती चिंचवडला असते. बाबा गेल्यावर सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आम्ही परत जाणार. मामा तर तिकिटं बघायला लागला होता. आईनं सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःच्या नोकरीचे, स्वतःच्या परवान्याचे, मग नागरिकत्वाच्या परीक्षेचे उद्योग सुरू केले. आईची हीच पद्धत. ती भांडत नसे. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत मान हलवी आणि मग आपल्याला हवं तेच करी. मी मात्र बाबांवर गेलेली, माझी लगेच तळपायाची आग मस्तकात जायची.

परीक्षेसाठी रोज अर्धा तास मोठ्यानं वाचायला हवं असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. वर्तमानपत्र वाचून आईला झोप यायची. म्हणून मी लायब्ररीतून, मुखपृष्ठावर पावलांचे ठसे होते एवढ्यावरून, 'मीठघर'चा डच अनुवाद उचलून आणला. ऑफिसमधून आली की आई भात लावायची आणि ओट्याला टेकून वाचायची. डचमधला तो घशातला ख तिला मस्त जमायचा, बाकी आनंद होता. मी चुका काढायचे, ती परत म्हणायची, कुकरची शिट्टी झाली की थांबायची. एक पान वाचून झालं की नीट कळलं का हे बघायला ती ते मराठीत सांगायची, आणि सांगताना तोमे चिंचवडची होऊन जायची. "अहो, हात धुवा आधी, मेलात म्हणून काय झालं," असं ती बुडलेल्या कोळ्यांना म्हणायची. हे पुस्तकात नव्हतं. मी हसून हसून लोळायचे. बाबा गेल्यापासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं आणि ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं होतं.

तोमे मुळा मिठात दाबून ठेवते, वर दगड ठेवते. आईनं तुर्की दुकानातून पांढरे लांब मुळे आणले, मीठ चोळलं आणि चिंचवडहून सामानात भरून आणलेला वरवंटा त्यावर ठेवला. घरभर वास सुटला. समोरच्या फेम्कानं, म्हणजे माझ्या वर्गातल्या मैत्रिणीनं, दारातूनच विचारलं की तुमचं गटार तुंबलंय का. तिला आत ओढून आईनं वरणभाताबरोबर तो मुळा खायला घातला. तिनं दोनदा मागून घेतला.

मी पुस्तकात अशी बुडाले की 'मीठघर'चं जे जे काही निघालं असेल ते सगळं मला हवं झालं, आणि तिथून माझा संताप सुरू झाला. आधी चित्रकथा मिळाली, बऱ्याच भागांची. तीत तोमे सतरा वर्षांची, दोन वेण्या आणि अर्धा चेहरा व्यापणारे डोळे. नवऱ्याऐवजी हरवलेला मोठा भाऊ. मग ॲनिमेशन मालिका पाहिली. तीत खरी तोमे पहिल्याच भागात मरते आणि शोध घेते तिची नात. चित्रपटात टोकियोहून एक इन्स्पेक्टर येतो आणि तोमे स्वतःच भूत निघते. फेम्काकडे गेम होता, त्यात आपण तरुण पाहुणा व्हायचं आणि दाराशी बसलेल्या एका म्हातारीकडून मीठ घ्यायचं. ती म्हातारी म्हणजे तोमे. तिला एकच वाक्य होतं. शेवटी इंटरनेटवर एक जुनं जपानी नभोनाट्य सापडलं, त्यातली तोमे बाई खोकत होती, उठताना कण्हत होती, भांडी ठेवताना आवाज करत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी मी ते सायकलवरून शाळेत जाता-येता ऐकायचे, कारण तेवढी एकच तोमे खरी होती. बाकी सगळ्यांनी मिळून, मोठ्या कष्टानं, लाखो चित्रं काढून आणि कॅमेरे लावून, पन्नाशीच्या विधवेला तिच्याच गोष्टीतून हाकलून दिलं होतं.

"त्यांना ती चालत नाही," मी आईला म्हणाले.

"कुणाला?"

"सगळ्यांना."

आई कपडे घड्या घालत होती. "आपल्या स्वयंपाकघरात चालते ना, मग झालं," ती म्हणाली.

मला तेवढ्यानं झालं नव्हतं. मी मराठीत एकांकिका लिहायला घेतली. हक्क वगैरे कुणाला विचारायचे असतात हे मला माहीत नव्हतं आणि असतं तरी विचारले नसते. संवाद बहुतेक आईचेच होते, ओट्याशी बोललेले. मी ते फक्त उतरवून काढले. माझं लिहिलेलं मराठी कच्चं होतं, ऱ्हस्व-दीर्घाचा आनंद, पण एकांकिका झाली, आणि ती आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात करायची असं मी ठरवून टाकलं. तोमे कोण करणार हे ठरवायचीसुद्धा गरज नव्हती.

इथे मंडळाबद्दल सांगायला हवं. वाईट माणसं नव्हती. बाबा गेले तेव्हा याच लोकांनी महिनाभर डबे पोचवले, हॉस्पिटलपासून विमानापर्यंत सगळं पाहिलं. सांस्कृतिक बाजू सांभाळायच्या सुलेखाकाकूंनी तर आईला कित्येक रात्री सोबत केली होती. आई ऑफिसला टिकली लावून जायची त्याला कुणी कधी नाक मुरडलं नाही. सगळे पुण्या-मुंबईचे, शिकलेले, मोठ्या कंपन्यांत काम करणारे. फक्त संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की सुलेखाकाकू आदल्या दिवशी सायकलवरून आमच्याकडे यायच्या आणि आईचं वाण घरी आणून द्यायच्या. स्टीलचा डबा, तिळगूळ, कधी एखादी पर्स. "तुला उगाच तिथे ऑकवर्ड व्हायला नको," असं म्हणायच्या आणि आईच्या पाठीवरून हात फिरवायच्या. आपण पद्धत मोडून हिला वाण देतो, तेही तिचं मन जपून, याचं त्यांना मनापासून समाधान असायचं. आई मान हलवायची, चहा करायची. मी माझ्या खोलीत जाऊन दार आपटायचे.

एकांकिका वाचायला त्या आमच्या घरी आल्या. सोबत अतुलकाका होते, मंडळातले हौशी नट, तोमेच्या नवऱ्याचं काम ते करणार होते. वाचन संपलं. अतुलकाकांनी टाळी वाजवली. सुलेखाकाकू चहाच्या कपातली साय बाजूला करत होत्या.

"सई, लिहिलंयस छानच गं. पण थीम जरा डार्क आहे ना? संक्रांतीला, सगळ्या नटूनथटून आलेल्या असतात, लहान मुलं असतात."

"भुतांची मालिका सगळी मुलं बघतात," मी म्हणाले.

"भुतांचं नाही म्हणत मी." त्यांनी कप खाली ठेवला. "असं केलं तर? तोमे तू कर. तरुण मुलगी, हरवलेला भाऊ शोधते. वृंदा दिग्दर्शन करेल. काय वृंदा?" त्यांनी आईकडे पाहिलं.

मला हसावं की रडावं कळेना. टोकियोतल्या चित्रकारांना आणि हूफडॉर्पच्या मंडळाला, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट सुचली होती. मी म्हणाले की तोमे त्रेपन्न वर्षांची आहे आणि ती आईच करणार, नाहीतर एकांकिका होणार नाही. आवाज चढला होता. अतुलकाका बिस्किटं खाऊ लागले.

"बरं, वृंदाच करू दे," काकू म्हणाल्या, "पण मग शेवट तरी गोड करा. नवरा मेलेलाच नसतो. दुसऱ्या बेटावर असतो, स्मृतिभ्रंश झालेला. संक्रांतीच्या दिवशी त्याला सगळं आठवतं आणि तो परत येतो. ती त्याला तिळगूळ देते. लोक उठून टाळ्या वाजवतील बघ."

"मग खून कुणाचा झाला?"

"कशाला हवाय खून सणासुदीला?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "बघूया. करतो आम्ही." आणि चहाचे कप उचलले.

त्या रागाची धग मला अजून आठवते. काकू गेल्यावर मी आईला म्हणाले की तू घाबरट आहेस, तू मूग गिळून बसतेस, वाण घेतेस तशीच हे पण घेतलंस. मी एकांकिका मागे घेते. आई भांडी विसळत होती. एक विमान गेलं, ती थांबली, ते जाऊ दिलं. "मागे घ्यायची नाही," ती म्हणाली. "मला ते काम करायचंय, सई. मला फार करायचंय." आईच्या तोंडून 'मला काहीतरी हवंय' असं वाक्य मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. मग मी तो स्मृतिभ्रंशाचा शेवट दात-ओठ खात लिहून दिला. आम्ही तो बसवला. दर तालमीत अतुलकाका गाठोडं घेऊन यायचे, "तोमे, मला सगळं आठवलं," म्हणायचे, सनई लागायची आणि आई तिळगुळाची वाटी घेऊन त्यांच्याकडे धावायची. बरी धावायची. मला बघवायचं नाही.

कार्यक्रम दुपारी, वस्तीच्या हॉलमध्ये होता. बाहेर बारीक पाऊस आणि वारा, दारात ओल्या कोटांचा ढीग, आत मसालेभाताचा आणि अत्तराचा वास. आधी हळदीकुंकू, मग एकांकिका, मग जेवण. आई पडद्याशेजारी खुर्चीवर बसली होती, राखाडी सुती साडी, वर एप्रन, केस मागे घट्ट बांधलेले. मी लॅपटॉप घेऊन तिच्यामागे. वाऱ्याचा, समुद्राचा, बुडालेल्यांच्या हाकांचा आणि शेवटच्या सनईचा आवाज मी लावणार होते. बायकांची रांग हसत-बोलत पुढे सरकत होती. नुकतीच पुण्याहून आलेली एक मुलगी, नवी नवरी, हातात करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत लावत आमच्यापर्यंत आली आणि तिनं आईच्या कपाळाकडे बोट नेलं. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सुलेखाकाकूंनी मागून येऊन तिचं कोपर धरलं, अगदी हळुवार, आणि हसत हसत तिला दुसरीकडे वळवलं. त्या मुलीला काय झालं ते कळलंच नाही. आईनं मान वर केली होती, ती तिनं खाली घेतली आणि एप्रनची गाठ सोडून पुन्हा बांधली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दगडासारखा झाला होता.

एकांकिका सुरू झाली. आई लोकांना हसवत होती. "मेलात म्हणून काय झालं," याला तर हॉल दणाणला. मग शेवट आला. आई गुडघ्यांवर बसून जमीन पुसत होती. अतुलकाका गाठोडं घेऊन आले. "तोमे, मला सगळं आठवलं. मी आलो." आता आईनं वाटी घेऊन धावायचं होतं. ती उठली नाही. तिनं फडकं पिळलं, ठेवलं आणि काकांच्या पायांकडे बघत बसली. इतका वेळ बघत बसली की पुढच्या रांगेतली मुलं काकांचे पाय बघायला उठून उभी राहिली.

"बाहेर एवढा पाऊस पडतोय," आई म्हणाली, "आणि तुमचे पाय कोरडे कसे?"

हे मूळ शेवटातलं वाक्य होतं. अतुलकाकांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. प्रेक्षकांतून सुलेखाकाकूही माझ्याकडेच बघत होत्या आणि हातानं खूण करत होत्या, सनई, सनई. माझं बोट बटणावर होतं. मी समुद्र लावला. पूर्ण आवाजात. अतुलकाकांना मी जन्मभर दुवा देईन. त्यांनी गाठोडं हळूच खाली ठेवलं, चेहऱ्यावरचं हसू पुसलं आणि पहिल्या वाचनात ऐकलेलं मूळ उत्तर दिलं, "तुला कळायला इतकी वर्षं लागली?" मग आई उठली, गुडघे धरून, कण्हत, आणि तिनं गावाला एकेका ताटाचा हिशोब विचारला. खुन्याचं नाव घेतलं. नवऱ्याला म्हणाली, "आता जा तुम्ही. मला भांडी घासायची आहेत." आणि काका गेले. आई एकटी रंगमंचावर उभी राहिली, कपाळ कोरं, समोर दीडशे माणसं, आणि तिनं नजर खाली घेतली नाही. टाळ्या वाजायला वेळ लागला. काहींनी वाजवल्याच नाहीत. ती नवी नवरी उभी राहून वाजवत होती, तिचा नवरा तिला खाली ओढत होता.

सुलेखाकाकू पडद्यामागे आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की आणखी कशाचं ते मला आजही सांगता येणार नाही. "वृंदा, आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. मी ऐकून घेतलं होतं."

"सणाच्या दिवशी, इतक्या सवाष्णींसमोर... मी तुझ्यासाठी किती केलं गं."

"केलंत. ते मी विसरणार नाही," आई म्हणाली. "पण पुढच्या वर्षी वाण घरी आणू नका, सुलेखाताई. द्यायचं तर इथे द्या, सगळ्यांच्या देखत. नाही जमलं तर नका देऊ. मला डबे पुष्कळ आहेत."

काकू गेल्या. आम्ही दोघी सामान आवरू लागलो. जेवायला बोलवायला कुणी आलं नाही. हॉलमध्ये ताटांचा आवाज सुरू झाला होता आणि मला भूक लागली होती, आणि मला वाटलं की आता हे सगळं गेलं, ही माणसं, हे सण, मसालेभात, सगळंच. मी तसं आईला म्हणालेही. ती म्हणाली, "गेलं तर गेलं. घरी मुळा आहे."

तेवढ्यात पडदा बाजूला करून एक आजी आत आल्या. साडीवर जाडजूड स्वेटर, पायात लेकाचे असावेत असे मोठे बूट. कुणाच्या तरी सासूबाई, तीन महिन्यांसाठी इकडे आलेल्या. कपाळ आईसारखंच.

"मी मागं बसले होते," त्या म्हणाल्या. "त्या कोटांपाशी. सून म्हणाली, तिथं बसा, तिथं हीटर आहे."

"ऊब होती का?" आईनं विचारलं.

"हीटर बंद होता." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, रंगवलेल्या खोक्यांकडे, माझ्या लॅपटॉपकडे. "हे तुमचं नाटक परत कुठं करणार का?"

"ठरलं नाही अजून."

"केलंत तर मला घ्या."

आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी तिला इतकं गंभीर झालेलं ऑफिसच्या कामातही पाहिलं नव्हतं. "पाठांतर कसं आहे?"

"पाठांतर नाही व्हायचं आता."

"मग समुद्रातून हाका मारायला कुणीतरी हवंय मला. सध्या त्या लॅपटॉपमधून येतात, त्यात जीव नाही. ओरडता येतं का तुम्हाला?"

आजींनी जरा विचार केला.

"आयुष्यात कधी ओरडले नाही," त्या म्हणाल्या. "सगळं शिल्लक आहे."